क्योऽशुकु : अंग चोरून बसलेला शब्द

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-वनची, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीची तयारी करताना 'क्योऽशुकु' वहीत उतरवला, तो 'आभार, माफी' असा अर्थ लिहून. एकाच शब्दात दोन्ही कसं, हे काही पटेना.

जपानी ऑफिसांच्या पत्रांत हा शब्द सारखा भेटतो. ग्राहकाला किंवा वरिष्ठांना काही मागायचं असलं की आधी 'क्योऽशुकु देसु गा'. त्यांनी कौतुक केलं, आपल्यासाठी तसदी घेतली, तरी 'क्योऽशुकु देसु'. हातून चूक झाली असेल तर 'मोऽशिवाके आरिमासेन', म्हणजे सांगायला सबबच नाही. क्योऽशुकुला चूक लागत नाही. समोरच्याने आपल्यासाठी काही केलं, एवढं पुरतं.

यात अक्षरं दोन. पहिलं भीतीचं, त्याच्या तळाशी हृदय. दुसरं आकसण्याचं; धुतल्यावर कपडा आटतो, त्यालाही हेच. त्यात डावीकडे सूत आणि उजवीकडे मुक्कामाची जागा. हा उजवा भाग 'शुकु' या उच्चारासाठी आलाय, ते ठाऊक आहे मला. तरी तो मुक्काम पाहिला आणि मला आजोबा दिसले.

ऑगस्ट २०१९. कृष्णेचं पाणी सांगलीत गावभागात शिरायच्या आत आम्ही मिरजेला बाबांच्या मित्राकडे गेलो. आठ दिवस राहिलो. घरी आजोबा ऐसपैस मांडी घालून बसायचे, आवाजही खणखणीत. तिथे मात्र पलंगाच्या अगदी कडेला, पाय जवळ ओढून, अंग चोरून बसायचे. काकूंनी चहा आणला की अर्धवट उठायचे. पाणी हवं असलं तर, "तुम्हाला त्रास होतोय, पण जरा..." एवढंच. त्या घरात कुणी त्यांना परकं मानलं नव्हतं. उलट जितकं प्रेमाने व्हायचं, तितके ते अजून आकसायचे.

'क्योऽशुकु देसु गा' मधला 'गा' म्हणजे तोच 'पण'.

आपला 'संकोच'ही मुळात आकुंचनच. पण पत्रात 'संकोच वाटतो' लिहिलं तर आपण मागे सरतोय असं वाटतं, आणि नुसतं 'कृपया' फार ताठ. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'ओशाळणं'. वहीतलं 'आभार, माफी' खोडून तिथे आता लिहिलंय : आजोबा, मिरज, पलंगाची कड.