विकर नावाचं झाड नसतं

"काका, हे ओरिजिनल विकर आहे ना?" दुरुस्तीला खुर्ची आणणारे निम्मे लोक हेच विचारतात. दुकानदाराने विकर म्हणून खुर्ची दिली, असं सांगून परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विकर नावाचं झाड नसतं. विकर ही वीण. लवणाऱ्या काड्या एकमेकींत गुंफून केलेली वस्तू ती विकर, मग काडी वेताची असो, बांबूची असो की विलायतेतल्या विलोच्या झाडाची. 1917 साली अमेरिकेत मार्शल लॉइड नावाच्या कारखानदाराने तर कागदाला पीळ देऊन, उभ्या दोरांत तार घालून खुर्च्या काढल्या. लोक त्यांनाही विकरच म्हणतात. तेव्हा दुकानदार तुमच्याशी खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला.

हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकापासून सापडतो आणि तो उत्तरेकडचा, स्कँडिनेव्हियातला. स्वीडिशमध्ये आजही 'विका' म्हणजे दुमडणं, घडी घालणं. आपल्या 'वाकणं'शी नातं जोडायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण आपलं वाकणं 'वक्र'च्या घरातलं. खरं नातं आहे ते दुसरीकडेच. इंग्लंडचे टोपल्या विणणारे विलोच्या डहाळीला 'विदी' म्हणतात. हा विदी आणि संस्कृतातला 'वेतस' एकाच जुन्या धातूपासून आले, अर्थ पिळणं, गुंफणं. म्हणजे विकर नाही, पण विदी मात्र आपल्या वेताचा चुलतभाऊ.

गंमत म्हणजे इंग्रजीतला 'वीक', कमजोर या अर्थाचा, तोही विकरच्याच कुळातला. वाकतं ते दुबळं, असा हिशेब. ज्याने तो मांडला त्याने वेत कधी विणला नसावा. कोरडी काडी बोटाला गुंडाळायला जा, कट्कन तुटते आणि कुसळ बोटात जातं. तीच पाण्यात भिजू द्या, मग हव्या त्या कोपऱ्यावरून मुकाट वळते, आणि सुकली की अशी आवळून बसते की सोडवायला पकड लागते.

तुमच्या खुर्चीच्या बुडाशी एक टोक सुटलं होतं. तेवढं कापून काडेपेटीची काडी लावून पाहिली. राख झाली नाही, वितळून काळा गोळा झाला. प्लास्टिक आहे. वीण मात्र झकास, हातची आहे. सुटलेली बाजू बांधून ठेवतो, सोमवारी घेऊन जा.