उजवा हात खोक्यात

उजवा हात खोक्यात आहे, म्हणून हे सगळं डाव्या हाताच्या अंगठ्यानं टाईप करतोय. काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या.

खोकं बिस्किटांचं आहे. आत एक पिल्लू. कोंबडीचं, आणि गुलाबी. अडीचच्या सुमाराला लाईट गेली (डीपी जळाली म्हणे, आमच्याकडं डीपी जळायला उन्हाळाच लागतो असं नाही), वरचा बल्ब विझला आणि त्यानं जो सूर लावला तो चिवचिव या शब्दात मावणारा नव्हता. उंच सुरू होऊन खाली घसरणारी एकेक हाक, घड्याळ लावल्यासारखी. कणी टाकली, ढुंकून पाहिलं नाही. पाणी दाखवलं, नाही. शेवटी हात आत घातला तर तळव्याखाली घुसलं, दोनदा कूस बदलली आणि आवाज एकदम बारीक झाला. माणूस डोळा मिटतो तो वरून खाली. याची पापणी खालून वर आली, राखाडी, सुरकुतलेली. म्हातारं माणूस डुलकी घेतंय असं वाटलं. तेव्हापासून हात तिथंच आहे.

चूक माझीच. आठवडी बाजारात पाटीभर पिल्लं होती, गुलाबी, हिरवी, पोपटी. वीसला एक, पन्नासला तीन. अंड्यांच्या जातीतले नर हॅचरीला नको असतात, तेच असे रंगवून बाजारात येतात. हे मला माहीत होतं, तरी लेकीच्या तोंडाकडं बघून खिशात हात घातला, आणि वर म्हणालो, "एकच घे." हे माझं नेहमीचं वाक्य. फुगा असो, पेढा असो, एकच घे. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी खोक्यात डोकावून पहिलंच काय म्हणावं? "अहो, एकटं नाही राहत ते. जोडीला आणायचं ना एखादं!" लेक लगेच म्हणाली, "मी नाही का राहत?" बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी खोक्याकडं.

मग सुरू झाले उद्योग. पहिल्या आठवड्यात पिल्लाला पस्तीसेक अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी केली तरी चालतं. परभणीची डिसेंबरातली थंडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एलईडीला ऊब नसते, म्हणून साधा पिवळा बल्ब शोधत तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदारानं बल्ब पुसत विचारलं, "पिल्लू आणलंय का?" बरणीच्या झाकणात पाणी, त्यात खडे, नाहीतर बुडून मरतं. सोबतीला आरसा ठेवला. त्यानं आरशातल्याला दोन टोचे मारले, मग त्याला चिकटून बसलं. मला ते बघवेना, काढून टाकला. मग बायकोनं फरशी पुसायच्या मॉपचं डोकं खोक्यात उलटं टांगलं. त्या दोऱ्यांत ते असं शिरलं, की फक्त चोच दिसत होती. आई म्हणून मॉप बरा निघाला. पण मॉप उत्तर देत नाही, खरी अडचण ती आहे.

हे मला आजीमुळं कळलं होतं. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी कोंबडी खुडूक झाली की आजी टोपल्यात भुसा घालून अकरा अंडी मांडायची. दहा नाही, बारा नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं. विसाव्या दिवशी आजी एक अंडं उचलून आधी स्वतःच्या कानाला लावायची, मग माझ्या. कोमट अंडं, आणि आतून अगदी बारीक टिवटिव. "बोलायलंय बघ." अंडं परत ठेवलं की कोंबडी वरून घोगरं काहीतरी म्हणायची. जन्माच्या आधीच यांचं बोलणं सुरू.

एका वर्षी सात निघाली. घारीनं आणि कावळ्यांनी सहा नेली, मग एका रात्री रानमांजरानं कोंबडीच नेली. उरलं एक. आजीनं ते रात्री गुपचूप शेजारणीच्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. अंधारात कोंबडीला कळत नाही म्हणतात. सकाळी तिला कळलं. टोचून डोकं रक्ताळलेलं ते पिल्लू आजीनं हळद लावून ओच्यात घेतलं, आणि मग ते तिथंच राहिलं. चुलीपुढं, ज्वारी निवडताना, गोठ्यात. खाली सोडलं की ओरडायचं, आणि आजी असेल तिथून सांगायची, "हौ, हौ, हितंच हाय मी. कामून रडायलास?" की गप्प. तिनं जागेवरून उठून यायची गरज नव्हती.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्या आम्हाला ऑस्ट्रियाचं काय कौतुक, पण तिथल्या, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लॉरेन्झ यांच्यामागं हंसाची पिल्लं आई समजून चालायची, आणि 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. आजीच्या मागं भवानी चालायची. हो, ती कोंबडी निघाली, आणि आजी तिला शिवी म्हणून जे म्हणायची तेच नाव पडलं. ती इतर कोंबड्यांत कधी गेली नाही, डालग्याखाली झोपली नाही, अंडी गोधड्यांच्या वळकटीत घालायची. एका आखाडात जावई आले. आजोबांनी भवानीकडं बोट दाखवलं. आजी काही बोलली नाही. त्या रात्री जावयाला पिठलं वाढलं गेलं! आखाडात! आत्या अजून ते काढते.

काल मी खोक्याशेजारी रेडिओ लावून बघितला, आकाशवाणी परभणी. बातम्यांना गप्प बसलं, गाणी लागली की कुरकुर. माणसाचा साधा आवाज पाहिजे असावा. किंवा आवड असेल, काय सांगावं.

रेडिओ आजीचाच आहे, पाठीला रबर लावलेला. आजोबा गेले त्या वर्षी सुट्टीत गावी गेलो होतो. तोवर भवानीही नव्हती. दुपारची सभा संपलेली, रेडिओवर नुसती खरखर चाललेली. बंद करायला हात पुढं केला तर आजी चुलीपुढून म्हणाली, "असू दे रे. चालू असू दे."

लाईट आली वाटतं, शेजारची मोटार सुरू झाली. हो, बल्बही लागलाय. आता हात काढायला हरकत नाही.

काढतो थोड्या वेळानं.