फेब्रुवारीचे जास्तीचे शंभर

फेब्रुवारीच्या पगाराच्या स्लिपा मेलवर गेल्या की माझ्या टेबलापाशी कुणीतरी येऊन उभं राहणार, हे ठरलेलं. मी अकाउंट्सला आहे. यंदा आला तो नुकताच रुजू झालेला मुलगा. फोनवर स्लिप उघडलेली, बोट एका ओळीवर ठेवलेलं.

"मॅडम, हे पीटीचे तीनशे कसे? दर महिन्याला दोनशे जातात ना?"

"फेब्रुवारीत तीनशेच जातात."

"पण फेब्रुवारी तर अठ्ठावीस दिवसांचा!"

मुद्दा बिनतोड होता. पीटी म्हटलं की याच्या डोळ्यासमोर शाळेचं मैदान आणि शिट्टी येत असणार. इथली पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, सरकारी मराठीत व्यवसाय कर. वर्षाचे २५०० घ्यायचे, आणि २५०० ला बाराने भाग काही नीट जात नाही. म्हणून अकरा महिने दोनशे-दोनशे आणि उरलेले तीनशे फेब्रुवारीच्या डोक्यावर. मार्चवर का नाही टाकले, तर माझ्या मते मार्चमध्ये टीडीएसच्या नावाने सगळेच इतके रडत असतात की आणखी शंभराचं रडं ऐकायला कुणाला वेळ नसावा. हे अर्थात माझं टेबलावरचं संशोधन.

हा २५०० चा आकडा थेट राज्यघटनेतला. कलम २७६ सांगतं की व्यवसायावरचा कर माणशी वर्षाला याहून जास्त घेता येणार नाही. आधी मर्यादा २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने त्यावर एक शून्य चढलं. तेव्हापासून आकडा तिथेच बसलाय. तेव्हापासून न वाढलेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही. माझी उंची सोडून.

मुलाचं समाधान झालेलं दिसेना. त्याचं बरोबरच होतं. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स शून्य, त्यामुळे त्याच्या स्लिपेत कर म्हणून दिसणारी ही एकच ओळ. "म्हणजे मी फक्त एवढाच टॅक्स भरतो," असं तो जरा रुबाबात म्हणाला. मी त्याला खाली चहाला घेऊन गेले.

टपरीवर त्याने बिस्किटाचा पाच रुपयांचा पुडा फोडला. मी पुडा उलटा करून त्याला बारीक अक्षरं दाखवली: कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसहित. बिस्किटावर आता ५ टक्के जीएसटी. म्हणजे पाच रुपयांत साधारण चोवीस पैसे कर. त्यातले बारा दिल्लीला, बारा मुंबईला. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी हाच दर १८ टक्के होता, म्हणजे याच पुड्यात शहात्तर पैसे. त्याने एक बिस्किट बोटांत धरून असं काही पाहिलं, की बारा पैसे कुठल्या कडेला आहेत ते शोधतोय.

"आणि गाडीत पेट्रोल टाकतोस, ते तर जीएसटीतही नाही. केंद्राची एक्साइज वेगळी, राज्याचा व्हॅट वेगळा." दारूचं मी बोलले नाही. शुक्रवार होता.

माझं मत असं की कर घ्यावा तर बिस्किटासारखा घ्यावा, हे सगळ्याच सरकारांना फार पूर्वी कळलेलं आहे. चहात बुडतो, तोंडात विरघळतो, कुणी भांडायला येत नाही. शहात्तर पैशांसाठी माझ्या टेबलाशी आजवर कुणी आलेलं नाही. शंभरासाठी दर फेब्रुवारीत येतात, कारण ते दिसतात. घरपट्टीचंही तेच. आमच्या मातोश्री बिल आलं की चष्मा पुसून एकेक ओळ वाचतात. सर्वसाधारण कर, सफाई कर, वृक्ष कर. वृक्ष करापाशी थांबतात आणि खिडकीतून बाहेर बघतात. सोसायटीच्या दारातला गुलमोहर रस्तारुंदीत गेला, त्यालाही आता चार वर्षं झाली.

बहुतेक करांचं असंच होतं. पैसा तिजोरीत पडला की त्याची ओळख संपते. माझ्या बिस्किटाचे बारा पैसे कुठल्या पुलाच्या कुठल्या खिळ्यात गेले, हे कुणीच सांगू शकणार नाही. व्यवसाय कर मात्र मला ओळखीचा वाटतो, आणि त्याचं कारण अकाउंट्समधलं नाही. ते घरातलं आहे.

आमचं गाव माणदेशातलं. बहात्तरच्या दुष्काळात आजी खडी फोडायला होती. गावाबाहेरच्या माळावर दगडाचे ढीग, प्रत्येक बाईपुढे एक ढीग, हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. संध्याकाळी ढिगाची लांबी-रुंदी-उंची मोजून ब्रासचा हिशेब व्हायचा. शंभर घनफुटांचा एक ब्रास. पोरांना कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. माझे वडील त्या सुकडीच्या वासाने अजून तोंड वळवतात, आणि मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचं नाव काढलं तर जेवणावरून उठतात.

रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली ती त्याच दुष्काळात. कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते, आणि आधी त्यांनी आपल्या सांगलीकडच्या विसापूरला ती करून पाहिली होती. काम मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा लागतो, आणि तो दरवर्षी लागतो. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने एक निधी उभा केला, त्यात या कराचं उत्पन्न वळतं केलं आणि सरकारने तेवढीच भर घालायची असं ठरवलं. थोडक्यात, शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून पैसा काढून माळावरच्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, न्यायचा. २०२५ मध्ये या कराला पन्नास वर्षं झाली. कुणी केक कापल्याचं ऐकलं नाही.

हिशेबाचं माणूस म्हणून एक कबूल करते: खडी बहात्तरची आणि कर पंचाहत्तरचा, तेव्हा आजीच्या खडीला या कराचा पैसा लागलेला नाही. पण ती पुढे गावच्या पाझर तलावावरही होती, माती वाहायला. तेव्हा मुंबईतल्या कुणा कारकुनाचे चार-दोन रुपये तिच्या पाटीत पडले असतील.

मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी पगाराची चिठ्ठी आजीला दाखवायला गावी गेले होते. तिला वाचता येत नव्हतं. वडिलांनी ओळ न् ओळ वाचून दाखवली. कापलेल्या पैशापाशी ती थांबली.

"ह्ये कशापायी कापलं?"

वडील म्हणाले, "रोजगार हमीला. तू तलावावर जायचीस ना, त्या कामांना."

आजीने चिठ्ठी हातात घेऊन उलटीपालटी केली. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार. मी तयारीत होते.

"आमचं बी कापायचा की मुकादम," ती म्हणाली. "आठवड्याला चार आणं. त्यो कंचा कर म्हनायचा?"

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं तोवर चहा निवला होता. तो बराच वेळ गप्प होता. मग उरलेली दोन बिस्किटं त्याने माझ्यापुढे सरकवली, फोन काढून टपरीवाल्याचा कोड स्कॅन केला आणि जिन्यापाशी आल्यावर विचारलं,

"मॅडम, मार्चला परत दोनशेच ना?"

"दोनशेच," मी म्हटलं.