घारीचे पंख

शनिवार, रात्री पावणेबारा

सगळे गेले. टेबलावर भडंगाचे दाणे सांडलेत, चहाचे कप तसेच आहेत आणि ताईची कॅरॅक्टर शीट, म्हणजे खेळातल्या तिच्या पात्राचा कागद, तिथेच पडलीय. ती विसरली नाही, मुद्दाम ठेवून गेली. 'रेस'च्या, म्हणजे पात्राच्या वंशाच्या, ओळीवर तिने आधी 'आराकोक्रा' लिहिलं होतं, म्हणजे पक्षिमानव. मी नको म्हटल्यावर खोडून 'एल्फ' केलं. मग तेही खोडलं. तिथला कागद इतका झिजलाय की मागे बोट धरलं तर दिसतं. ओळ आता रिकामी आहे.

आज नव्या कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या खेळाचं, सेशन झीरो होतं: खेळाआधी पात्रं ठरवायची बैठक. डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन, फासे टाकून गोष्ट रचत जायचा खेळ; पाचवी आवृत्ती, 2014 चे नियम. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारी. खेळायला मावसबहीण म्हणजे ताई, ऑफिसातला एक मित्र आणि त्याचा इंजिनिअरिंगला असलेला धाकटा भाऊ. डीएमच्या हातात सगळं जग असतं: डोंगर, राक्षस, हवामान, निवाडा. खेळाडूच्या हातात एकच पात्र असतं, त्यामुळे त्याचा सगळा जीव त्या एका कागदात असतो. हे मला माहीत आहे. तरी आज मी जे बोलले ते बोलले.

"ताई, पक्षी नको गं. बॅलन्स बिघडतो."

"कशाचा?"

"खेळाचा."

"अगं, पण पुस्तकात दिलंय ना!"

दिलंय खरं. 2015 च्या पुरवणीत आराकोक्राचा चालण्याचा वेग 25 फूट आणि उडण्याचा 50 फूट आहे, तोही पहिल्या लेव्हलपासून. पहिल्या लेव्हलला समोर येतात लांडगे, झाँबी, फार तर एखादं अस्वल. धनुष्य घेऊन वर तरंगत राहिलं की ते खालून नुसते बघत बसणार. मी हे सगळं ताईला सांगितलं. ताई अभ्यास करून आली होती. म्हणाली, "50 फुटांवरून पडले तर सहा बाजूंच्या पाच फाशांएवढी इजा होते. सरासरी साडेसतरा. माझ्या रेंजरकडे हिट पॉइंट किती? दहा-अकरा. वर जायची किंमत मी भरणारच आहे की!" रेंजर हा तिच्या पात्राचा वर्ग, आणि हिट पॉइंट म्हणजे पात्र किती इजा सोसू शकतं तो आकडा. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

तेवढ्यात मित्र म्हणाला, "ती वर 50 फुटांनी जाणार आणि माझा बुटका ड्वार्फ खाली 25 फुटांनी चालणार. मग माझं काम काय?" हेही खरं होतं. पण मी ते नीट ऐकूनच घेतलं नाही, फक्त माझ्या बाजूचं एक मत म्हणून मोजलं. आणि म्हटलं, "ताई, डीएम मी आहे. नाही म्हणजे नाही."

ताई गप्प झाली. लहानपणापासून तिच्याशी या सुरात मी कधी बोलले नव्हते. तिने पर्स उचलली, लेकीचं दुपटं गोळा केलं आणि निघाली.

रविवार

सकाळपासून डोक्यात तेच चाललंय. आज खरं लिहून टाकते.

बॅलन्स हा शब्द मी पुढे केला. त्याच्या मागे माझी दरी होती.

गेल्या पावसाळ्यात आम्ही जुन्नरहून नाणेघाटात गेलो होतो. तो दगडी रांजण, सातवाहनांच्या काळातली ती लेणी, नानाच्या अंगठ्यावरून खाली दिसणारं कोकण. त्यावरूनच मी या कॅम्पेनची सुरुवात बेतली. एक जुना घाट, जकातीचा रांजण, तुटलेला दोरपूल आणि 40 फूट रुंद दरी. पलीकडे गोब्लिन नावाचे छोटे राक्षस दबा धरून बसलेत. तीन आठवडे ती दरी मी चौकटीच्या कागदावर काढत होते. पक्षी आला की माझी दरी एका टर्नमध्ये, म्हणजे एका पाळीत, संपली. मला तेवढंच सलत होतं. मी ताईला तसं सांगितलं असतं तर ती हसली असती, कदाचित म्हणाली असती की आधी दरी होऊन जाऊ दे. पण मी नियमाच्या आडून बोलले. नियमाशी ती वाद घालू शकत होती, तो तिने घातला. माझ्या दरीशी तिला वाद घालताच आला नाही, कारण ती तिला दिसलीच नव्हती.

हे दुसऱ्यांदा होतंय म्हणून जास्त लागलंय.

दोन वर्षांपूर्वीच्या कॅम्पेनमध्ये एकाचा बार्ड, म्हणजे मंत्र जाणणारा गायक, होता. लेव्हल चढल्यावर त्याने सिल्व्हरी बार्ब्ज घेतला. पहिल्या लेव्हलचा मंत्र, 2021 च्या पुस्तकातला. समोरच्याचा फासा यशस्वी झाला की तो परत टाकायला लावायचा आणि दोन्हींतला कमी आकडा धरायचा. वर आपल्यातल्या कुणाला तरी पुढच्या फाशाला अॅडव्हांटेज, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा धरायचा. मी आधी विचारून-सवरून हो म्हटलं होतं. मग एका रविवारी माझा मुख्य खलनायक होल्ड पर्सन या जखडणाऱ्या मंत्रातून सुटला, बार्डने फासा परत टाकायला लावला आणि खलनायक जागच्या जागी गोठला. पुढच्या फेरीत खेळ खलास. चार महिने मी त्याला वाढवला होता. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की आजपासून हा मंत्र बंद, बॅलन्सला धरून नाही.

बार्डने वाद घातला नाही. आणखी दोन सेशन आला, फासे टाकले, फारसं बोलला नाही. मग ऑफिसचं काम निघालं म्हणाला. त्याला ठरावीकच मंत्र शिकता येत होते. त्यातला एक त्याने माझा होकार घेऊन निवडला होता आणि तो मी हरल्याच्या रागात काढून घेतला. सुरुवातीलाच नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरा मंत्र घेतला असता आणि विषय तिथेच मिटला असता. दिलेलं मध्येच काढून घेतलं, तेही सगळ्यांसमोर. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.

सोमवार

मित्राच्या धाकट्या भावाचा मेसेज आला: माझ्या विझार्डसाठी सिल्व्हरी बार्ब्ज चालेल का? विझार्ड म्हणजे त्याचा मांत्रिक. योगायोगच म्हणायचा. मी लिहिलं, "नको. दर फाशाला लढाई थांबते आणि मला ते चालवायला आवडत नाही. माझी आवड म्हणून नको, मंत्र वाईट आहे म्हणून नाही." दोन मिनिटांत उत्तर आलं: "ओके, मग शील्ड मंत्र घेतो." संपलं.

बारा तासांत दुसऱ्यांदा बार्डचा नंबर काढला आणि ठेवून दिला.

बुधवार, रात्री

संध्याकाळी ताईकडे गेले. शीट सोबत नेली होती. लेक नुकतीच झोपली होती, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो. ताई मेथी निवडत होती, मीही बसले निवडायला. आधी माफी मागितली, मग दरीचं सगळं सांगितलं. नकाशासुद्धा दाखवला. पुढे काय आहे ते खेळाडूला दाखवू नये म्हणतात, पण त्या वेळी मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

मग विचारलं, "तुला पक्षीच का हवाय?" शनिवारी तासभर वाद झाला आणि हा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता. वेग, उंची, बाणाचा पल्ला सगळं काढलं, हे सोडून.

ताई म्हणाली, "ती घार आहे. आई आहे. कड्यावर घरट्यात पिल्लू ठेवून कामासाठी निघालीय." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "पुढच्या महिन्यात ही पाळणाघरात जाणार. मी परत कामावर. डोक्यात दुसरं काही येतच नाही गं. 'घार हिंडते आकाशी' आपण लहानपणापासून म्हणतो ना, आता त्याचा अर्थ लागतोय. माझ्या घारीला कधीही परत जाता आलं पाहिजे. पंख त्यासाठी हवेत. लांडग्यांवर बाण मारायला नकोत मला."

मी किती वेळ मेथीची तीच काडी हातात धरून बसले होते कोण जाणे.

गुरुवार

रात्रभर वाचलं. आराकोक्रा जिथे दिलाय तिथेच लिहिलंय की पहिल्या लेव्हलपासून इतकं वेगाने उडणं काही कॅम्पेनमध्ये अडचणीचं ठरू शकतं, म्हणून आधी डीएमशी बोला. 2022 मध्ये नव्याने छापताना त्यांनीच उडण्याचा वेग चालण्याइतका, म्हणजे 30 फुटांवर आणला. म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती.

पण मला वाट सापडली ती त्याच्याही खूप मागे, 1974 च्या मूळ तीन पुस्तिकांपैकी पहिलीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या त्या पुस्तिकेत म्हटलंय की खेळाडूला जवळजवळ काहीही होऊ द्यायला हरकत नाही, फक्त सुरुवात दुबळेपणापासून करावी. कुणाला ड्रॅगन व्हायचं असेल तर पिल्लू ड्रॅगनपासून सुरू करून पायरी पायरीने वर जावं, आणि त्या पायऱ्या खेळ चालवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवाव्यात. पन्नासहून अधिक वर्षं झाली या वाक्याला! गायगॅक्सनेच पुढे 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात राक्षस-पात्रांबद्दल बराच नाराजीचा सूर लावला, तो भाग वेगळा. मला पहिला गायगॅक्स जवळचा वाटतो.

आर्नेसनच्या ब्लॅकमूर या कॅम्पेनमध्ये तर एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं, सर फँग. तो कुणाला आवरेना. तेव्हा त्याच्याशी टक्कर द्यायला व्हँपायरची शिकार करणारा एक धर्मगुरू खेळात आणला गेला. त्यातूनच क्लेरिक हा पात्रांचा वर्ग आला, जो आज जगभर लोक खेळतात. एका खेळाडूचं पात्र डोईजड झालं आणि त्यापायी खेळाला एक अख्खा वर्ग मिळाला. हे वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

ताईला फोन केला, मित्रालाही घेतलं. त्याचा प्रश्न मी शनिवारी ऐकलाच नव्हता, म्हणून आज आधी त्यालाच बोलू दिलं. त्याला पंखांशी काहीच अडचण नव्हती. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही आणि आपण नुसतं खाली उभं, एवढंच त्याला नको होतं. तासाभरात ठरलं ते असं. घारीची पिसं झडताहेत, पक्ष्यांची झडतातच. म्हणून सध्या वेग 30 फूट, आणि आपला टर्न संपेपर्यंत कुठेतरी टेकायचं, नाहीतर पडायचं. तिसऱ्या लेव्हलला एक टर्न हवेत थांबता येईल. पाचव्या लेव्हलला पूर्ण आकाश मोकळं, कारण त्याच लेव्हलला विझार्डला फ्लाय हा उडायचा मंत्र मिळतो, मग पंखांचं कुणाला अप्रूप राहत नाही. तीन सेशननंतर परत बोलायचं. बदल करायचाच झाला तर दोन सेशनच्या मधल्या दिवसांत आणि आधी ताईशी एकटीशी बोलून. हे शेवटचं मी स्वतःहून घातलं.

मित्र म्हणाला, "आणि दोरी माझ्याकडे. तिने न्यायची, धरायची मी." ताई म्हणाली, "चालेल."

फोन ठेवला आणि लगेच बार्डला मेसेज केला. लांबलचक. अजून निळी खूण झालेली नाही.

शनिवार, पहिलं सेशन, रात्री एक

शीटवर ती झिजलेली ओळ ताईने शाईच्या पेनाने भरली. 'घार'. खाली बारीक अक्षरात, 'पिसं झडताहेत'.

दरीपाशी आले ते साडेनऊला. मी मनात पक्कं धरलं होतं की 30 फुटांत 40 फुटांची दरी ओलांडता येणार नाही, सगळे मिळून काहीतरी शोधतील. ताईने शीट बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डॅश घेते. तीस आणि तीस साठ." डॅश, म्हणजे त्या टर्नला दुप्पट अंतर जायची मुभा, माझ्या डोक्यातून निसटलंच होतं. क्षणभर वाटलं, नाही म्हणावं, पंखांना डॅश लागू नाही असं काहीतरी काढावं. नियमात तसं काही नाही आणि आमच्या ठरावातही नव्हतं. म्हटलं, "उड."

दोरीचं टोक चोचीत धरून घार पलीकडे उतरली. आणि तिथे ती एकटी! समोर दोन गोब्लिन, मागे दरी, बाकीचे अलीकडे. दोरी 50 फूट, दरी 40, म्हणजे दोन्हीकडे गाठीला पाच-पाच फूट. ड्वार्फने आपलं टोक कमरेला गुंडाळलं आणि दोन्ही पाय खडकाला टेकवून बसला. विझार्डने शील्ड मंत्र पुढच्या फेरीसाठी राखून ठेवला होता आणि मित्र अख्खा वेळ उभा राहून खेळत होता. "बांध, बांध, मी धरलंय!" तीन आठवडे काढलेल्या त्या दरीचं असं काही होईल हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. माझ्या मूळ बेतात सगळे बाजूने चालत उतरणार होते.

गाठ मारायचा ताईचा टर्न आला आणि आतल्या खोलीतून रडण्याचा आवाज आला. ताई उठली. वीस बाजूंचा फासा तिने मित्राच्या हातात ठेवला. "माझा तू टाक, मी आलेच."

आम्ही फासा टाकला नाही. तसाच मध्ये ठेवला. वीसेक मिनिटांनी ती लेकीला खांद्यावर घेऊन आली, एका हाताने थोपटत बसली आणि दुसऱ्या हाताने फासा घेतला.

चौदा पडले. गाठ बसली.