दोन कवळ्या आलटून पालटून वापरल्या – माझा अनुभव

उरलेले चार दात पण काढले, हिरड्या भरून यायला ३ महिने थांबले आणि मग डेंटल कॉलेजात पूर्ण कवळीसाठी गेले. तिथे एमडीएस (दातांच्या डॉक्टरचं पुढचं शिक्षण) करणाऱ्या मुलीने विचारलं, आजी, माझ्या थीसिससाठी दोन सेट करून देऊ का, एक नेहमीच्या पद्धतीने, एक सोप्या, दोन्ही २-२ महिने वापरायच्या आणि खरं खरं सांगायचं. मी हो म्हटलं.

सोप्या पद्धतीत हिरड्यांचं एकच माप, म्हणजे ठसा, अल्जिनेट नावाची पावडर पाण्यात कालवून घेतलेला. नेहमीच्या पद्धतीत त्या मापावरून माझ्या तोंडाचा माप घ्यायचा वेगळा ट्रे बनवला, मग हिरवी कांडी ज्योतीवर मऊ करून ट्रेच्या कडेला लावायची, ट्रे तोंडात, ओठ गोल करा, जीभ बाहेर काढा, पुन्हा थोडी कांडी, असं किती वेळ चाललं, आणि शेवटी लवंगेच्या वासाच्या पेस्टने दुसरं माप. वरच्या मापाला उमासे येत होते, मान पुढे झुकवून नाकाने श्वास घेतला तेव्हा जमलं. मेणात दात बसवून बघताना तिने एकसष्ट ते सत्तर मोजायला लावलं, स नीट येतो का ते बघायला. मी एक अभंग पण म्हणून बघितला, मंडळात भजन म्हणता येईल का हीच मला खरी काळजी होती.

आधी कुठला सेट देतेय ते मुद्दाम सांगितलं नाही. चावणं, बोलणं, दिसणं, घट्ट बसणं, प्रत्येकासाठी कागदावर १० सेंटिमीटरची रेघ, आपण किती समाधानी तिथे खूण करायची. मला वाटलेलं जिच्यावर एवढी मेहनत तीच सरस ठरणार, पण माझ्या खुणा दोन्ही वेळा जवळपास त्याच जागी. दोन्हींनी टोचलं, दोन्ही तिने न कंटाळता पेस्ट लावून दाब बघून घासून दिल्या, आणि मला विचाराल तर खरा आराम त्या घासण्याने पडला. इतर अभ्यासांतही दोन्हींचं समाधान साधारण सारखंच आलंय असं तिच्या मॅडम म्हणाल्या. मी ठेवून घेतली ती सोप्या पद्धतीची निघाली.

खालची मात्र दोन्ही सेटमध्ये हलायची, जीभ लागली की उचलली जायची. खालचं हाड जास्त झिजतं ना. त्याला दोन इम्प्लांटचा (हाडात बसवायचे स्क्रू) आधार द्यावा, २००२ साली कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तोच पहिला पर्याय धरायला सांगितलंय म्हणे. खर्चाचं मुलाशी बोलणं चालू आहे, आधी एक्सरे काढून हाड किती उरलंय ते बघणार.