बागकाम सुरू झालं आणि कंबर धरली : कायरोप्रॅक्टरकडचा माझा अनुभव

अमेरिकेत आयोवा आणि इलिनॉय या राज्यांच्या सीमेवर, मिसिसिपी नदीच्या काठी आम्ही राहतो. इथे एप्रिल उजाडेपर्यंत हिवाळा संपला असं म्हणवत नाही. नोव्हेंबरपासून माणसं घरात, गाडीत आणि ऑफिसात नुसती बसून असतात, आणि मग एका शनिवारी ऊन पडतं नि अख्खी गल्ली फावडी घेऊन अंगणात उतरते. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याहून आलेली बरीच मराठी कुटुंबं मोलीन, बेटेनडॉर्फ, डेव्हनपोर्ट या गावांत आहेत. आमच्यातल्या कित्येकांच्या घरामागे मेथीचे, मिरचीचे वाफे असतात. मिरची-टोमॅटोची रोपं मदर्स डे (मेचा दुसरा रविवार) होईपर्यंत बाहेर लावत नाहीत, कारण तोवर एखाद्या रात्री दंव गोठून रोपं जळून जातात. पण वाफे त्याआधी तयार लागतात, आणि इथली काळी माती बर्फ वितळल्यावर भलतीच जड असते.

माझी कंबर धरली ती खतमातीचं पोतं गाडीतून काढून वळताना. चाळीस पौंडांचं, म्हणजे साधारण १८ किलोचं पोतं. चमक अशी भरली की तिथेच गाडीला धरून उभी राहिले. रात्री कूस बदलता येईना. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तिकडे कुणी पायाळू माणूस नाही का? कंबरेवरून पाय फिरवून घे, उसण उतरेल." साताऱ्याकडे अजून लोक हेच करतात. तिचा जीव तुटत होता आणि इतक्या लांबून ती दुसरं काय सांगणार!

कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हातांनी मणके दाबून-हलवून उपचार करणाऱ्याचा, विचार इथे कुणालाही आधी सुचतो, कारण ही विद्या जन्मलीच मुळी डेव्हनपोर्टमध्ये. १८९५ साली डी. डी. पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबून बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, अशी ती कथा. दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, पामरांनी शाळा काढली. ते कॉलेज आजही ब्रॅडी स्ट्रीटच्या चढावर उभं आहे. (त्यांचा मुलगा बी. जे. पामर याचं इथे रेडिओ स्टेशन होतं आणि रोनाल्ड रेगन यांनी निवेदक म्हणून तिथेच सुरुवात केली.) मणके जागेवर नसले की बहुतेक सगळे रोग होतात, ही पामरांची मूळ समजूत मात्र विज्ञानाच्या कसोटीवर टिकलेली नाही. कंबरदुखीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये डॉक्टरांना सल्ला दिला की नव्याने उपटलेल्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यांची हातांनी केलेली हालचाल हे उपाय सुचवावेत. बहुतेकांची अशी कंबर काहीही केलं तरी काही आठवड्यांत सुधारते, हेही त्यातच आहे. या दोन्ही गोष्टी मनात ठेवूनच मी निघाले.

पहिल्या क्लिनिकमध्ये मी अंगावर हात लावू दिला नाही. गेल्या गेल्या अख्ख्या पाठीचा एक्स-रे काढायचा आग्रह झाला. पाठोपाठ वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ भरले तर सवलत, असा कागद पुढे आला. भिंतीवर लिहिलं होतं की मणके बसवून घेतले की वसंतातली परागकणांची ॲलर्जीही जाते. मी विचारलं, "मला अजून तपासलंच नाही, तर वर्षभर यावं लागेल हे कसं कळलं?" उत्तर गोलमोल आलं. मी सही न करता बाहेर पडले. आपल्याकडची माणसं भिडेपोटी सही करतात, विशेषतः समोरचा पांढऱ्या कोटात असला की. म्हणून मुद्दाम सांगते : "घरी विचारून कळवते" एवढं म्हणून उठता येतं.

दुसरं नाव मला आमच्या फॅमिली डॉक्टरकडून मिळालं. जाण्याआधी राज्याच्या परवाना मंडळाच्या यादीत त्या कायरोप्रॅक्टरबाईंचा परवाना चालू आहे ना, ते पाहिलं. या लोकांचा अभ्यासक्रम साधारण चार वर्षांचा असतो, पण ते एमडी, म्हणजे वैद्यकीय डॉक्टर, नसतात. विमा कंपनीलाही आधीच फोन करून विचारलं की वर्षाला किती भेटी मान्य आहेत, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम) पुरा झालाय का आणि दर भेटीला कोपे (आपल्या वाट्याचे ठरावीक पैसे) किती पडेल. कंबर दुखत असताना हे कंटाळवाणं काम नको वाटतं, पण नंतर घरी येणाऱ्या बिलाची धास्ती त्यानेच जाते.

त्या बाईंनी पहिला बराच वेळ नुसतं विचारलं. लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय का? मांड्यांच्या आत, बसायच्या जागेत बधिरपणा आहे का? ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी कधी कॅन्सर? पाळी गेलेली, तर हाडांची घनता तपासली आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल तर कायरोप्रॅक्टर नको, फिजिओ नको, थेट इमर्जन्सीत जायचं, कारण तिथे नसा दबत असतात आणि वेळ दवडला तर कायमचं नुकसान होऊ शकतं. ही एक गोष्ट कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

मग तपासणी. टाचांवर चालायचं, चवड्यांवर चालायचं. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलून पाहिला, गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहिली, पायाच्या अंगठ्याचा जोर पाहिला. कळ पायात उतरत नव्हती. "नस दबल्याची लक्षणं नाहीत, एक्स-रेची गरज नाही," त्या म्हणाल्या. संमतिपत्र आलं तेव्हा त्यांनी स्वतःहून मानेचा विषय काढला. मानेला झटका दिल्यावर क्वचित रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. मी म्हटलं, मानेला हात लावायचा नाही. त्यांनी तसं कागदावर लिहून घेतलं आणि तिथे मला त्यांचा भरवसा वाटला.

प्रत्यक्ष उपचार अगदी थोडा वेळ चालतो. कुशीवर झोपवलं, वरचा पाय दुमडून पाऊल खालच्या गुडघ्यामागे अडकवलं, एका हाताने खांदा स्थिर धरला आणि श्वास सोडताना कंबरेच्या खाली एक छोटा, झटपट दाब दिला. कट्ट असा आवाज झाला. तो हाड हलल्याचा किंवा मोडल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज, आणि आवाज झाला नाही तरी काही बिघडत नाही. त्यानंतर उठून उभी राहिले तर कंबर मोकळी वाटली. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं. तसं होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

माझ्या दृष्टीने खरी किंमत पुढच्या सांगण्याची होती. हे मोकळेपण थोडेच तास टिकेल, त्या वेळात चाला, असं त्यांनी बजावलं. अंथरुणात पडून राहणं त्यांना मुळीच मंजूर नव्हतं. घरी करायला व्यायाम दिले : गुडघे-तळहातांवर ओणवं होऊन पाठ हळूहळू वर-खाली करणं (आपलं मार्जारासनच), त्याच अवस्थेत एक हात आणि विरुद्ध पाय लांबवून धरणं, आणि कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं. लहानपणी शाळेच्या पटांगणात केलेली आसनं इथे, मिसिसिपीकाठी, कुणी परकी बाई समजावून सांगते आहे, याचं मला फार बरं वाटलं.

पुढच्या भेटींना त्या दर वेळी विचारायच्या, आता काय करता येतं जे मागच्या वेळी येत नव्हतं? बूट घालताना वाकता येणं, गाडीत सहज बसणं, नदीकाठच्या वाटेवर न थांबता फेरी मारणं. माझी प्रगती त्या यावरून मोजायच्या. मीही त्यांना परागकणांच्या ॲलर्जीबद्दल विचारलं. "त्यासाठी ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जा, माझ्या हातात ते नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. काही आठवड्यांनी त्यांनीच माझ्या भेटी बंद केल्या. पुन्हा धरली तर फोन करा, एरवी यायची गरज नाही, असं म्हणाल्या. दाबाने किती बरं वाटलं आणि आपोआप किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण न घाबरता हिंडूफिरू लागले, हे त्यांच्यामुळेच.

बाग थांबली नाही. कुदळ हातात घेण्याआधी गल्लीला एक चक्कर मारते. पोत्यातली माती बादलीने थोडी थोडी काढते आणि ओझं पोटाशी धरून, कंबरेतून न पिळवटता पावलं टाकून वळते. एकच काम फार वेळ ताणत नाही, खणणं झालं की छाटणी, मग पाणी. गुडघ्याखाली जाड गादी असते. नवऱ्याने लांब दांड्याचं खुरपं आणून दिलं आहे.

आता मुलगी म्हणते, कॉम्प्युटरपुढे बसून तिची मान आखडते, तर तिलाही त्या बाईंकडे नेऊ का? मानेचं मी तिला आधी फॅमिली डॉक्टरला दाखवायला सांगितलं आहे, आणि गरज पडली तर फिजिओथेरपिस्टला. झटका न देता नुसत्या व्यायामाने भागतंय का, ते पाहू.