साताऱ्या-सांगलीतून कला-इतिहासाला: विषय, अर्ज आणि पैशाची गणितं

कला-इतिहासाच्या एम.ए.साठी चित्र काढता यावं लागत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची ग्रेड कुणी विचारत नाही, पोर्टफोलिओ मागत नाही. मागतात ते लेखन: एखादं चित्र, मूर्ती किंवा इमारत समोर ठेवून तुम्ही काय पाहिलंत, ते कुठल्या कागदपत्रांशी ताडून घेतलंत आणि त्यातून काय मांडलंत. हे माहीत नसल्यामुळे इतिहासात बी.ए. केलेली मुलं ‘आपला हात कुठे चालतोय’ म्हणून या वाटेला जातच नाहीत, आणि जी.डी. आर्ट केलेली मुलं कॅनव्हासचे फोटो जोडून अर्ज करतात. या जी.डी. आर्टवाल्यांची आणखी एक पंचाईत असते. जी.डी. आर्ट ही पदविका आणि बाहेरच्या बहुतेक एम.ए.ना पदवी लागते. बी.एफ.ए. असेल तर प्रश्न मिटला. पदविकाच असेल तर अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला मेल करा आणि लेखी उत्तर हाती घ्या. एजंटाच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

‘लंडन बरं की जर्मनी?’ असं सगळे आधी विचारतात. तो प्रश्न दुसरा. पहिला असा, की अभ्यास नेमका कशाचा करायचाय? ‘भारतीय कला’ हे उत्तर होत नाही, ‘मराठा कला’ हेसुद्धा नाही. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकाला एक वस्तू आणि तिच्याबद्दल अडलेला एक प्रश्न हवा असतो. त्या बाबतीत सातारा-सांगलीकरांची चंगळ आहे.

वाघनखांचंच घ्या. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. बघायला गेलेल्यांचं लक्ष साहजिकच पोलादाकडे जातं. कला-इतिहासाच्या विद्यार्थ्याने तेवढंच लक्ष त्यांच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुराकडे द्यावं. तो सांगतो की पेशव्यांच्या पंतप्रधानाने ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) जेम्स ग्रँट डफ याला दिली. पण पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान. मग त्या पेशव्याचा पंतप्रधान म्हणजे नेमका कोण? मजकूर लिहिला कधी, डफच्या हयातीत की मागाहून घरच्यांनी? डफ साताऱ्यात आला 1818 मध्ये, म्हणजे अफझलखानाच्या भेटीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात वस्तू कुणाकडे होती? महाराजांनी वापरली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही, असं म्युझियमनेही म्हटलेलं आहे. वस्तूच्या मालकीचा असा माग काढणं ही या विषयाची एक मोठी शाखा आहे, आणि तिच्यासाठी लंडनला जाण्याला अर्थ आहे, कारण साताऱ्याच्या रेसिडेन्सीचे कागद, 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं त्याचा पत्रव्यवहार, हे सगळं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या) दप्तरात आहे. ‘तुमच्याच विद्यापीठात का?’ या रकान्यात लिहायचं ते असं. ‘जागतिक दर्जाचे शिक्षण’ हे शब्द तिथे लिहिलेत तर वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळतो.

औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय तर विषयांची खाणच. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारलेल्या या संग्रहात रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, युरोपीय चित्रांच्या नकला आहेत आणि हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्पही आहे. खटाव तालुक्यातल्या संस्थानिकाला हे सगळं एका छपराखाली का आणावंसं वाटलं, यावर अख्खा प्रबंध होईल. आणखी एक धागा अजिंठ्याचा. जॉन ग्रिफिथ्सने बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांकडून 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनमध्ये 1885 च्या आगीत जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. भवानरावांनीही चित्रकार सोबत नेऊन अजिंठा पाहिला आणि 1932 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. सरकारी कला-शाळेची नजर आणि स्वतः कुंचला धरणाऱ्या राजाची नजर यांत फरक काय पडला? अर्ज उभा राहायला एवढा प्रश्न पुरतो.

आता लेखननमुना, म्हणजे अर्जासोबत जोडायचा तुमचा लेख. अर्ज सगळ्यात जास्त इथेच बुडतात, म्हणून सविस्तर. ब्रिटनमध्ये जिथे मागतात तिथे साधारण दोन-तीन हजार शब्द, अमेरिकेत पीएच.डी.साठी 15 ते 25 पानं. एम.ए.च्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण कापून पाठवायची आपल्याकडे रीत आहे. ते पाठवू नका. त्यात ‘महाराष्ट्राला वैभवशाली परंपरा लाभली आहे’ इथपासून सुरुवात असते आणि वस्तू सातव्या पानावर येते. मराठीतून प्रबंध लिहिला असेल तर त्यातला वस्तूवरचा भाग निवडा आणि स्वतः इंग्रजीत उतरवा.

उदाहरण म्हणून साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधली, अष्टकोनी आहे, पायऱ्यांच्या वाटेवर छोटा महाल आहे: एवढं माहितीफलकही सांगतो. नमुन्यात त्यापुढचं हवं. पायऱ्या उतरताना आधी काय दिसतं आणि पाणी कितव्या पायरीला दिसू लागतं? शरभाची (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची) शिल्पं नजरेच्या पातळीला आहेत की वर, आणि येणाऱ्याकडे तोंड करून आहेत का? नावात बारा मोटा असल्या तरी थारोळी (मोटेचं पाणी ओततात ती कुंडं) स्वतः मोजा. मोटेच्या नाड्याने (दोराने) दगड झिजलाय का, सगळीकडे सारखा की काही ठिकाणीच? बैलांची धाव कुठल्या बाजूला होती? आणि मग खरा प्रश्न: वर महालात बसणारी माणसं आणि काठावर मोट हाकणारी माणसं एकाच बांधकामात आहेत, तर कोण कुणाला दिसत होतं? मोट शेतीच्या इतिहासाच्या पुस्तकात आणि महाल वास्तुकलेच्या पुस्तकात, अशी त्यांची ताटातूट नेहमीची. दोन्ही एका आराखड्यात वाचलंत की तुमचं स्वतःचं काही म्हणणं तयार होतं. सोबत मोजमापाचा साधा आराखडा आणि सात-आठ फोटो पुरेत. फोटोत मापाची पट्टी ठेवा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत कोरीव काम सपाट दिसतं.

विषय ठरला की विद्यापीठं आपोआप गाळली जातात. दक्षिण आशियाच्या कलेसाठी लंडनचं सोआस (आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाचं विद्यापीठ). लंडनमधलीच 1932 पासूनची कोर्टोल्ड ही संस्था युरोपीय कला, क्युरेटिंग आणि चित्रसंवर्धन यांसाठी नावाजलेली, तिथे एम.ए. नऊ महिन्यांत उरकतं, म्हणजे पोहोचल्यावर विषय शोधायला सवड नाही. नेदरलँड्समध्ये लायडन. जर्मनीत हायडेलबर्गचं ट्रान्सकल्चरल स्टडीज इंग्रजीतून आहे, पण शुद्ध कला-इतिहासाचे बहुतेक एम.ए. जर्मनमधून चालतात आणि भाषेची सी-1 (प्रगत) पातळी मागतात. शून्यापासून सुरुवात असेल तर पुण्यात क्लास लावून दीड-दोन वर्षं धरा. इटलीत बोलोन्या विद्यापीठात कला आणि संग्रहालयशास्त्राचं एम.ए. इंग्रजीतून आहे. अमेरिकेत एम.ए. स्वखर्चाने आणि पीएच.डी. पूर्ण निधीवर (म्हणजे विद्यापीठाच्या पैशावर), असा साधारण प्रकार. त्यामुळे तिकडे जायचं तर थेट पीएच.डी.चाच विचार करा. इंग्रजीखेरीज दोन भाषा वाचता याव्या लागतात, त्यात फ्रेंच किंवा जर्मन बहुधा असतेच. मोडी येत असेल तर ठळकपणे लिहा. मोडी वाचणारा अर्जदार तिथल्या विभागांना रोज मिळत नाही.

इतिहासाच्या बी.ए.त कला-इतिहासाचे पेपर नसल्यातच जमा. जर्मनीत त्या विषयाची ठरावीक श्रेयांकं मागतात, तिथे अर्ज छाननीतच पडतो. अशांनी आधी इथे पाया घालावा: बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी, जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स, पुण्याचं डेक्कन कॉलेज. नोकरी सांभाळून करायचं तर मुंबईत ज्ञानप्रवाहचे डिप्लोमा आहेत. माझं मत विचाराल तर बी.ए.नंतर लगेच 50 लाखांचं एम.ए. करण्यापेक्षा बडोदा आणि मग निधीवर पीएच.डी. हा रस्ता लांबचा असला तरी शहाणपणाचा.

कागदपत्रांत अडकायच्या जागा ठरलेल्या. शिवाजी विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा) परीक्षा विभागातून काढावी लागते. महाविद्यालयाच्या शिक्क्याची मार्कलिस्ट म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचं नाव एकीकडे आहे तर दुसरीकडे नाही: हे आधीच जुळवून घ्या, नाहीतर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. शिफारसपत्रं दोन किंवा तीन लागतात आणि ती प्राध्यापकांनी संस्थेच्या ईमेलवरून पाठवायची असतात. आपल्याकडे निम्म्या सरांचा कारभार जीमेलवर चालतो आणि तिथून आलेलं पत्र अनेक ठिकाणी धरत नाहीत. सप्टेंबरमध्येच कॉलेजच्या डोमेनचा पत्ता सुरू करून घ्यायला सांगा. नसेलच तर लेटरहेड, सही, शिक्का आणि तशी विनंती करणारा मेल. आयईएल्टीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत 7 ते 7.5 बँड लागतो, मराठी माध्यमवाल्यांचा लेखनाचा बँड मागे राहतो, तेव्हा दुसऱ्यांदा द्यायची सवड ठेवा. जर्मनीसाठी एपीएस (पदवीच्या कागदांची पडताळणी झाल्याचं) प्रमाणपत्र 2022 च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं, फी 18,000 रुपये, आणि ते यायला आठवडे जातात. ब्रिटनचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी, अमेरिकेतली पीएच.डी. डिसेंबर.

पैशाचं गणित कडू आहे. लंडनमध्ये फी 25 ते 35 हजार पौंड; राहण्या-खाण्यासकट वर्षाला 45 ते 55 लाख रुपये धरा. जर्मनीत फी जवळपास नाही (हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो), पण ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते. शेतजमीन बहुतेक बँका धरत नाहीत आणि सांगली-मिरज-कुपवाडमधले गुंठेवारीचे प्लॉट नियमित झालेले नसतील तर तेही बाद. विनातारण कर्ज देणाऱ्या कंपन्या इंजिनिअरिंगला धावतात, कला-इतिहास म्हटलं की हात आखडतात.

शिष्यवृत्त्यांत या विषयाची एक खास गोची आहे. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की सारथीची योजना, अट क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीच्या एकूण यादीत पहिल्या 200 ची. सोआस त्यात बसत नाही आणि कोर्टोल्डसारखी एकाच विषयाची छोटी संस्था त्या एकूण यादीत येतच नाही. म्हणजे या विषयासाठी नावाजलेल्या संस्थाच सरकारी यादीतून बाहेर. या योजनांवर जायचं तर ऑक्सफर्ड, केंब्रिज, यूसीएल, एडिंबरा, लायडन, हायडेलबर्ग अशी नावं बघा. अनुसूचित जाती, भूमिहीन शेतमजूर अशा गटांसाठीच्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमधून 2022 च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा आणि इतिहास हे विषयच वगळले. भूमिहीन मजुराच्या पोराने लेण्यांवर बाहेर संशोधन करू नये, असाच त्याचा अर्थ निघतो. चालू वर्षाची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचूनच विषयाचं शीर्षक ठरवा. सोआस, ऑक्सफर्ड आणि रेडिंगसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे: भारतीय नागरिक, प्रथम वर्ग, तिशीच्या आत. इनलॅक्स एक लाख डॉलरपर्यंत देते. ब्रिटन सरकारच्या चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन. फुलब्राइटच्या विषययादीत संग्रहालयशास्त्र आणि वारसा-संवर्धन आहे, तेव्हा अर्ज त्या अंगाने करा. जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्ती, परतफेड करावी लागते.

ब्रिटनच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि लंडनसाठी महिना सुमारे दीड हजार पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च सलग 28 दिवस खात्यात दिसावा लागतो. ऊसबिलाचा हप्ता जमा झाला म्हणून शेवटच्या दिवशी शिल्लक भरघोस दिसते, पण मध्ये एक दिवस जरी ती खाली गेली तर अर्ज फेटाळला जातो. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. काका-आजोबांचं चालत नाही. पतसंस्थेतली ठेव धरू नका, कारण संस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. ठेव मोडून पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत आणा आणि 28 दिवस तिथून मोजा.

परत येऊन शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा विषय ‘व्हिज्युअल आर्ट’, त्यात कला-इतिहास येतो. ब्रिटनच्या एक वर्षाच्या एम.ए.ला 2022 च्या भारत-ब्रिटन करारानंतर मान्यता आहे आणि 2025 पासून समकक्षतेचं प्रमाणपत्र यूजीसी देते. त्यासाठी अभ्यासक्रमाची पूर्ण माहितीपुस्तिका आणि मूळ ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठ सोडण्याआधीच ताब्यात घ्या. पदवीदानानंतर विद्यार्थी पोर्टलचं लॉगिन बंद झालं की एकेका कागदासाठी मेलामेली करत बसावं लागतं.